भुतांचे वकीलपत्र

गेल्या श्रावणात आमच्या शाळेच्या पुस्तकांच्या कपाटातून सतरा पुस्तके खाली उतरवण्यात आली. शाळा पाहायला आलेल्या मंडळींपैकी एका सद्गृहस्थांनी सहज म्हणून एक पुस्तक ओढून काढले, मुखपृष्ठावरची कवटी पाहिली आणि कपाळाला आठी घालून विचारले, "विज्ञानाच्या युगात मुलांच्या हाती हे?" मग दुसरे निघाले, मग तिसरे. निवड मुखपृष्ठांवरून चालली होती. आतले पान कुणी उलटले नाही. मधली सुट्टी व्हायच्या आत सतरा पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधला गेला आणि जिन्याखालच्या अडगळीत, मोडक्या बाकांशेजारी जाऊन पडला. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. मी तेथेच उभी होते. मी एक शब्द बोलले नाही.

पाहुण्यांपुढे शिक्षकाने तोंड उघडू नये, हा आमच्या व्यवसायातला अलिखित नियम आहे आणि तो मी पाळला. परंतु मी नुसती शिक्षिका नाही. कित्येक वर्षे मी कादंबऱ्या लिहीत आले आहे आणि त्यांतल्या दोहोंत भुते आहेत. आपल्या अन्नदात्यांना कुणी फरफटत नेत असता आपण खाली मान घालून हजेरीपट चाळत बसलो, याची लाज मला त्या दिवसापासून वाटते आहे. म्हणून आज मी भुतांचे वकीलपत्र घेत आहे. अशील सगळे मेलेले. फी मिळण्याची आशा नाही. पण पुरावा भक्कम आहे.

आरोप दोन आहेत. पहिला, भूतकथा अंधश्रद्धा पसरवते. दुसरा, भूतकथा हे हलके वाङ्मय आहे. पहिला आरोप सुधारक करतात, दुसरा पंडित करतात. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे हे दोन पक्ष भुताला हाकलताना मात्र खांद्याला खांदा लावून उभे राहतात, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

पहिल्या आरोपाला आधी उत्तर देते, कारण तो प्रामाणिक आहे. मी स्वतः भूत मानत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि पुढची चोवीस वर्षे गावोगाव हिंडून जे सांगितले, त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि जो कायदा वर्षानुवर्षे अडून राहिला होता तो त्यांच्या मरणानंतर काही दिवसांत वटहुकमाच्या रूपाने आला व त्याच वर्षी विधिमंडळात संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बायाबापड्यांना दोराने बांधणे, चाबकाने फोडणे, मिरच्यांची धुरी देणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरवले आहेत. असा कायदा करावा लागला, यावरूनच आपल्या गावांत काय चालत आले त्याची कल्पना यावी. ज्यांनी हे थांबवण्यासाठी प्राण दिले त्यांच्याशी मी भांडणारी कोण?

माझे भांडण त्यांच्या नावाने पुस्तकांचे गठ्ठे बांधणाऱ्यांशी आहे. भोंदू आणि कथाकार हे दोघे एकाच गावचे, असा त्यांचा समज झालेला दिसतो. अहो, ज्याचा भुतावर खरा विश्वास असतो तो भुताची गोष्ट लिहायला बसत नाही. तो नारळ ठेवतो, लिंबू उतरवतो, मनगटात गंडा बांधतो आणि तिन्हीसांजेला त्या विषयाचा शब्दही काढू देत नाही. भोंदू म्हणतो, "हे खरे आहे, पैसे काढ." कथाकार म्हणतो, "हे खोटे आहे, घटकाभर ऐक." पहिला माणसाची बुद्धी गहाण ठेवून घेतो. दुसरा ती जागी आहे असे धरून चालतो, कारण वाचक मुळात विश्वास ठेवत नसेल तरच त्याचा अविश्वास हळूहळू डळमळवण्यात कथेची मौज आहे. जो आधीच मानतो त्याला काय डळमळवायचे?

ही काही माझ्या पदरची युक्ती नव्हे. मी विद्यापीठाची पायरी चढलेली नाही, मॅट्रिकवर माझे शिक्षण थांबले; पण आपल्या जुन्या आचार्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे, एवढे मला वाचून ठाऊक आहे. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक हा रीतसर एक आहे; तो शृंगाराच्या आणि वीराच्याच पंक्तीला बसतो, त्याला मागल्या दाराने यावे लागत नाही. आणि हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून काय निवडले? ना स्मशान, ना पिशाच. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या बाणापुढे पळणारे, मान वळवून वळवून मागे पाहणारे ते हरीण त्याने घेतले. ते भय आपल्याला जाणवते. पण ते माझे नसते, तुमचे नसते, त्या विशिष्ट हरणाचेही उरत नाही. अमक्याचे, अमक्या वेळचे, हे सगळे गळून पडते आणि निखळ भय तेवढे मागे राहते. त्याचा आस्वाद घेता येतो.

अंधश्रद्धेचे भय नेमके याच्या उलट असते. ते म्हणते, मला बाधा होईल, माझ्या पोराला होईल, माझी म्हैस आटेल. त्या भयात हरणाला जागाच नसते, सगळी जागा 'मी'ने अडवलेली असते. जो मुलगा हरणाचे भय अनुभवायला शिकला तो मांत्रिकाच्या दारी जाण्याची शक्यता वाढते की घटते, हे सुधारकांनीच मला सांगावे. माझ्या वर्गात पाहिलेले सांगते: भुतांची पुस्तके फाटेपर्यंत वाचणारी मुले आणि दंडाला ताईत बांधून येणारी मुले, ही सहसा निरनिराळी असतात.

आता पंडितांकडे वळते.

मराठीत गंमत अशी आहे की अंधार चालतो, भूत चालत नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाये'ला १९७३ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला. त्यांच्या कथांत शाप आहेत, मृत्यू माणसासारखा समोर येतो, अज्ञात प्रदेशातून प्रवासी चालत राहतात. त्याला आपण नियतीचे चिंतन म्हटले, आणि ते योग्यच केले. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कोकणात दैवी आणि आसुरी यांच्यामधली भिंत कुडाची आहे, कुठूनही पलीकडचा वारा आत येतो. त्यांच्या 'कोंडुरा'वर श्याम बेनेगल यांनी १९७८ साली चित्रपट काढला. त्यालाही आपण मानाचे पान वाढले. मात्र नारायण धारप आले, रत्नाकर मतकरी 'खेकडा' आणि 'गहिरे पाणी' घेऊन आले, की आपण पाट बाहेरच्या पडवीत मांडतो. तेथे 'लोकप्रिय' अशी पाटी असते आणि समीक्षकाला तिकडे फिरकण्याचे कारण पडत नाही. भुताला प्रतीक म्हटले की ते माजघरात येते. भूत म्हटले की उंबऱ्याबाहेर.

धारप २००८ साली गेले, मतकरी २०२० साली. धारपांची पुस्तके शंभराच्या वर भरतील. कोकणातल्या कोणत्याही वाचनालयात जाऊन पाहा, कोणत्या पुस्तकांची बांधणी तीन-तीनदा करावी लागली आहे ते. त्यांनी स्टीफन किंगसारख्या परदेशी लेखकांच्या कथावस्तू उचलल्या, असा आक्षेप घेतात, आणि तो खोटा नाही. मीही तो नजरेआड करत नाही. पण उचलून आणलेले रोप या मातीत कसे धरते, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली? 'तुंबाड' या चित्रपटाने नाव श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतले आणि त्यामागची एक मोठी प्रेरणा धारपांच्या कथेची आहे. तो २०१८ साली आला तेव्हा चित्रगृहे ओसंडली नव्हती. २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक लोकांनी तिकिटे काढली. पावसाने कुजलेला वाडा, पुरलेले धन आणि पिढ्यान् पिढ्या न शमणारी हाव. लोकांना ती गोष्ट परकी वाटली नाही. कशी वाटेल? धनावर बसलेला समंध आमच्या आजीच्या गोष्टींत होताच.

आणि तो एकट्या आमच्याच आजीपाशी नव्हता. डिकन्सने १८४३ साली नाताळची जी प्रसिद्ध गोष्ट लिहिली, तिच्यात मार्लेचे भूत येते ते पेट्या, किल्ल्या आणि खतावण्या जडवलेली साखळी ओढत. जन्मभर जे कमावले तेच मेल्यावर पायात अडकले. हा मार्ले लंडनचा समंधच नव्हे काय? विलायतेत नाताळच्या अंकांत भूतकथा छापण्याची मोठी परंपरा होती. केंब्रिजचे एक गाढे पंडित, एम. आर. जेम्स, नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना जमवून स्वतः लिहिलेल्या भूतकथा वाचून दाखवीत. जुन्या हस्तलिखितांचा हा जाणकार पुढे ईटनच्या शाळेचा प्रमुख झाला. विद्वत्तेला त्यामुळे बट्टा लागला नाही आणि शाळेलाही लागला नाही. रवींद्रनाथांनी 'क्षुधित पाषाण' लिहिली तेव्हा बंगाल्यांनी तिला पडवीत बसवले नाही. आपल्याकडे का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून आज शंभरावर वर्षे दिवाळी अंकांतून गूढकथा निघत आहेत, वाचल्या जात आहेत, आणि त्यांच्यावर गंभीरपणे लिहिलेली पाने मात्र बोटांवर मोजावीत अशी.

पण हे सगळे झाले पुरस्कारांचे आणि मानपानाचे. खरा मुद्दा निराळा आहे. भूत म्हणजे काय, हे आपल्या लोकांनीच फार पूर्वी नेमके सांगून ठेवले आहे आणि त्याचा कागदोपत्री पुरावा आहे. तो पुरावा, योगायोग पाहा, शाळामास्तरांनीच गोळा केलेला आहे.

१९०९ च्याच डिसेंबरात नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीने जो जॅक्सन नावाचा कलेक्टर मारला गेला, त्याला लोकसमजुती गोळा करण्याचा नाद होता. त्याने एक प्रश्नावली तयार करून गुजरातेतल्या आणि कोकणातल्या खेड्यांमधल्या मास्तरांकडे पाठवली होती. तो मेला, पण मास्तरांची उत्तरे उरली. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती संपादून छापली. कोकणचा भाग १९१५ साली बाहेर पडला. कोण कुठल्या गावचे हे मास्तर, पंतोजीच म्हणा ना! साहेबाने विचारले म्हणून त्यांनी आपापल्या गावची भुते एका ओळीत उभी करून त्यांची हजेरी घेतली.

ती हजेरी वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भुतांमुळे आला नाही. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना मेलेली बाई हडळ होते. नवरा जिवंत असता मेलेली जखीण. विधवा मेली तर लावसट. मुंज झालेला आणि सोडमुंज न झालेला मुलगा मेला की मुंजा होऊन पिंपळावर बसतो. पाण्यात बुडाला तो गिऱ्हा. धनाची वासना सुटली नाही तो समंध. कोणत्या जातीच्या माणसाचे कोणते भूत होते, याचीही वाटणी ठरलेली. मेल्यावरही माणूस आपल्या आळीतच राहतो.

जरा थांबून या यादीकडे पाहा. या गावात सुखाने जगून, पोटभर जेवून, नातवंडे खेळवून म्हातारपणी मेलेल्या माणसाचे भूत नाही. ज्याचे काही राहून गेले त्याचेच भूत होते. पण मग बाईच्या वाट्याला केवढी दाटी! सवाष्ण मेली तर भूत, विधवा मेली तर भूत, बाळंतीण मेली तर सगळ्यांत भयंकर भूत. ही भुतांची यादी कसली? गावाने ज्यांच्याविषयी मनातून स्वतःला अपराधी मानले, त्यांची ही यादी आहे. ज्याचे देणे चुकवले नाही तोच रात्री दार वाजवील अशी भीती वाटते. देणे चुकते केलेल्याची कोण कशाला भीती बाळगील?

अमेरिकेत टोनी मॉरिसन या लेखिकेने हीच गोष्ट एका कादंबरीत दाखवली. मार्गारेट गार्नर नावाची एक गुलाम स्त्री १८५६ साली पळून गेली आणि पकडली जाण्याच्या क्षणी, पोरीने पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिने पोटच्या पोरीला मारले. त्या घटनेवरून मॉरिसनबाईंनी १९८७ साली 'बिलव्हेड' लिहिली. तिच्यात ती मारलेली पोर भूत होऊन आईच्या घरी येते. पुढे १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले. एका अख्ख्या देशाने जे पाप गालिच्याखाली सरकवले होते ते बाहेर काढायला त्यांना भुताहून योग्य साक्षीदार सापडला नाही. आमच्या कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. भूतकथा म्हणजे मेलेल्याने जिवंतांपुढे घातलेले गाऱ्हाणे. माझ्या मते तिचे हेच काम आहे आणि हे काम दुसऱ्या कोणत्याही कथेला इतके नीट जमत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तिची आई बाळंतपणात गेली. पाऊस होता, रात्र होती, "बघू सकाळपर्यंत, आमची सगळी घरातच झाली," असे घरातली जाणती माणसे म्हणाली, आणि सकाळपर्यंत पाहायला ती राहिली नाही. पुढे काही महिन्यांत विहिरीकडच्या पाणंदीत रात्री कुणाला पांढरे काही दिसले. झाले. बाईची हडळ झाली असे गावाने ठरवले. त्या वाटेने मुलीला कुणी जाऊ देईना, आणि तिच्याबरोबर खेळायलाही दुसऱ्या पोरी कचरू लागल्या. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाईनू, हडळ असता काय?"

मी शास्त्रशुद्ध उत्तर दिले. नसते, म्हणाले, भूत ही मनाची कल्पना आहे. तिने मान हलवली. परीक्षेत विचारले तर हेच लिहायचे, अशी ती मान होती. मग हळूच म्हणाली, "मगे माझ्या आवशीक लोक तसा कित्याक म्हणतत?"

या प्रश्नाला माझ्यापाशी शास्त्रशुद्ध उत्तर नव्हते. हडळ असते की नसते हे तिला विचारायचेच नव्हते. आपली आई वाईट होती का, हे तिला विचारायचे होते.

मी तिला कपाटातले एक पुस्तक दिले. फाटके, मुखपृष्ठावर विस्कटल्या केसांची बाई. आतल्या एका कथेत मेलेली आई रोज रात्री येऊन पाळणा हलवते. घरचे दारे लावतात, मांत्रिक आणतात, धुरी करतात. आणि शेवटी त्या घरातल्या म्हातारीच्या तोंडून निघून जाते की, हाक मारली होती तिने, आम्हीच उठलो नाही. तीन आठवडे पुस्तक मुलीकडे होते. मुदत वाढवून घ्यायला आली तेव्हा मी विचारले, आवडले का? तिने सरळ उत्तर दिले नाही. म्हणाली, "ती वायट नाय, बाईनू. तिका येळार कोणी व्हरूक नाय."

वेळेवर तिला कुणी नेले नाही. बारा वर्षांच्या पोरीने निकाल दिला. गावाने हडळ हा शब्द उच्चारून जिवंतांचा अपराध मेलेलीच्या पदरात टाकला होता. एका 'हलक्या' कथेने तो उचलून जिथल्या तिथे नेऊन ठेवला. माझ्या विज्ञानाच्या धड्याने गावाचे म्हणणे खोटे ठरवले होते, आणि ते आवश्यकच होते. पण तेवढ्याने त्या मुलीची आई तिला परत मिळाली नव्हती. ज्यांना विज्ञान हवे आणि भूतकथा नको, त्यांनी या मुलीपुढे उभे राहून तसे सांगावे.

परंतु वकिलाने आपल्या पक्षाची लंगडी बाजूही ओळखली पाहिजे. माझ्या अशिलांचे सर्वांत मोठे वैरी सुधारकही नव्हेत आणि पंडितही नव्हेत. ते आम्ही भूतकथा लिहिणारे आहोत. त्या मुलीच्या हाती मी दुसरेच एखादे पुस्तक दिले असते तर? आमच्या दहांतल्या आठ कथांत हडळ म्हणजे उलट्या पावलांची, लांब नखांची, वाटसरूंना झाडावर ओढून नेणारी बाई. ती का मेली, कुणामुळे मेली, याची लेखकाने चौकशीसुद्धा केलेली नसते. ती कथा वाचून मुलीने काय समजावे? गावाने आईला एकदा मारले, गावच्या तोंडाने दुसऱ्यांदा मारले, आणि आम्ही छापून तिसऱ्यांदा मारले असते. असली कथा अंधश्रद्धा पसरवते, हा आरोप मग मला नाकारता येणार नाही. सतरांतली चार-पाच पुस्तके त्या जातीची होती, हेही कबूल करते. मात्र ती कोणती, हे मुखपृष्ठ पाहून कळत नाही, वाचावे लागते.

म्हणून लिहिणाऱ्या बंधुभगिनींना माझी विनवणी आहे. पहिल्या पानावर प्रेत टाकू नका. आधी घर दाखवा; चुलीवर काय शिजते आहे, कोण कुणाशी बोलत नाही, कुठली खोली वर्षभर उघडलेली नाही, हे दाखवा. वाचक त्या घरात पाय दुमडून बसला की मग एखादेच दार करकरू द्या. जेम्ससाहेबांचीही हीच रीत होती: माणसे आपापल्या कामात स्वस्थ दिसली पाहिजेत आणि त्या स्वस्थपणात अभद्राने हळूच डोके वर काढले पाहिजे. रक्ताच्या बादल्यांनी किळस येते, भय वाटत नाही. आणि कुणी असेही म्हणू नये की घरोघर वीज आली, आता भुते गेली. उजेड खोलीत पडतो. माणसाने जे केले ते ज्या ठिकाणी पडून असते तेथे तारा पोचलेल्या नाहीत. ज्यांचे देणे राहिले आहे त्यांची संख्या विजेने घटलेली मी तरी पाहिली नाही.

वाचकांनाही एक सांगणे आहे. "घाबरलो की नाही," एवढ्यावर भूतकथेचे मोल करू नका. घाबरायला मांजरही पुरते. कथा संपल्यावर तीन प्रश्न विचारून पाहा: हे भूत कुणाचे? त्याचे काय राहिले? आणि ते ज्यांच्या दारात उभे आहे त्यांनी काय केले होते? तिन्हींची उत्तरे कथेतच मिळाली तर ती कथा दुसऱ्या दिवशी उजेडातही तुमच्याबरोबर चालेल. एकही मिळाले नाही तर पैसे वाया गेले समजा.

आणि जमल्यास अशी कथा मोठ्याने वाचा, घरातली चार माणसे जमवून. आपली ही परंपरा मुळात ऐकण्याचीच आहे. अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त घेतलेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी मराठीत आणलेली वेताळाची गोष्ट आठवा. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालला आहे आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्टी सांगतो आहे. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो एकच तऱ्हेचा प्रश्न विचारतो: यात अपराध कुणाचा? खरा हक्क कुणाचा? आणि अट अशी की, उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. आपल्या सर्वांत जुन्या भुताला रक्त नको आहे, त्याला न्यायनिवाडा हवा आहे. आणि शिक्षा आहे ती न बोलणाऱ्याला.

श्रावणातल्या त्या दिवशी मला उत्तर ठाऊक होते आणि मी गप्प बसले. हा लेख लिहून डोके वाचवण्याची खटपट केली आहे. पण लेखाने कपाट भरत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरेल त्या दिवशी मी जिन्याखालचा गठ्ठा सोडणार आहे, सतराही पुस्तके वाचून काढणार आहे, टाकायची ती टाकण्याची लेखी कारणे देणार आहे आणि उरलेली कपाटात परत लावणार आहे. कुणी विचारले तर या वेळी बोलेन.

नोंदवहीप्रमाणे भुतांची पुस्तके अठरा आहेत. अठरावे त्या दिवशी कपाटात नव्हते म्हणून वाचले. त्याच्या नावापुढे मी 'हरवले' असा शेरा मारून किंमत भरून टाकली आहे. ते कुणाकडे आहे हे मला ठाऊक आहे. ते परत मागण्याचा माझा विचार नाही.